भास्करमामांचा सकाळचा प्रश्न

कुठे कामाची सुरुवात चहानं होते, कुठे प्रार्थनेनं. आमच्या शेडमध्ये ती एका प्रश्नानं व्हायची. भास्करमामा विंचच्या चौथऱ्यावर चढायचे, मिशांवरून उलटा हात फिरवायचे, समोर जमलेल्या माणसांवर एकदा नजर टाकायचे आणि कीर्तनकाराला शोभेल अशा खणखणीत आवाजात विचारायचे, "हं. आज कोण मरणार?"

मी कामावर रुजू झालो त्या सकाळी स्टोअरच्या दारात उभा राहून हे ऐकलं आणि नोकरी किती लवकर सोडता येईल याचा विचार करू लागलो. मला वाटलं, मारामारी होणार. तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या एका काटकुळ्या माणसानं शाळेत हजेरी द्यावी इतक्या सहज हात वर केला.

"आज म्या, मामा."

"कसा रे?"

"त्या लांबड्या बोटीच्या पोटात शिरून ग्राइंडर मारायचाय. आत वारा नाय. रेझिनचा वास डोक्यात गेला का तिथंच आडवा. बाहेरच्यांला वाटंल, हिरामण झोपलाय."

"मग?"

"तोंडाशी पंखा लावतो. आन् आतून मधीमधी ठोकत राहतो. ठोकायचं थांबलं का पायाला धरून ओढा."

"ठोकलेलं ऐकणार कोण?"

हिरामणनं शेजारच्याकडे बोट दाखवलं. शेजारच्यानं मान डोलावली.

"ठरलं. तू नाय मरत," मामा म्हणाले. "पुढचा!"

पुढच्यानं सांगितलं की रेझिन घट्ट करणारं हार्डनर ओतताना थेंब उडाला तर तो मरणार नाही, फक्त आंधळा होईल. "ते पण मरणातच धर," मामा म्हणाले, आणि त्याला चष्मा आणायला माझ्याकडे पिटाळलं. असं सगळ्यांचं मरण विचारून, तपासून आणि रद्द करून झालं की मामा हात झटकायचे आणि विंचचा मुख्य स्विच वर करायचे. मगच काम सुरू.

नाशिकमध्ये बोटी दुरुस्त होतात असं सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. त्यांना नाशिक म्हटलं की द्राक्षं आठवतात, फार तर चिवडा. पण गंगापूर रोडनं शहर मागे टाकत गेलं, बंगले विरळ झाले आणि लग्नाची लॉन्स सुरू झाली की पुढे धरणाच्या फुगवट्याचं पाणी लागतं. त्याच्या काठावर आमची शेड होती. पर्यटकांना फिरवणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या आणि पुरात माणसं बाहेर काढणाऱ्या फायबरच्या बोटी तिथे यायच्या. काठावरून पाण्यात उतरणारा सिमेंटचा उतार, त्यावर रूळ, रुळांवर ट्रॉली. बोट ट्रॉलीवर चढवायची आणि वरून विंचनं ओढून घ्यायची. विंच म्हणजे मोटरवर फिरणारा लोखंडी ड्रम आणि त्यावर गुंडाळला जाणारा तारेचा दोर. त्याला सगळे रोप म्हणत. बोट जड असली की ताणलेला रोप हलकंसं गुणगुणायचा. मला तो आवाज कधीच आवडला नाही. मामा मात्र कान देऊन ऐकायचे. "बोलतोय," म्हणायचे. "बोलतोय तोवर बरं."

इथे येण्याआधी मी बरीच वर्षं पुस्तकांच्या दुकानात होतो. ते बंद पडून तिथे मोबाइलची कव्हरं विकली जाऊ लागली, तेव्हा या शेडच्या मालकांनी, दुकानाचे जुने गिऱ्हाईक होते ते, मला इथलं स्टोअर सांभाळायला बोलावलं. पुस्तकांच्या जागी रेझिनचे ड्रम आणि काचेच्या तंतूंच्या चटया आल्या. खाज दोन्हीकडे सारखीच, फक्त इथली अंगाला सुटायची.

मामांबद्दल माझं पहिलं मत फारसं चांगलं नव्हतं. मला नाटकी माणसांचं वावडं आहे आणि मामा पुरते नाटकी होते. मखमलाबादकडे त्यांची मळ्याची जमीन. घरात भाऊ, भावजया आणि मुलं झेंडू, शेवंती पिकवत, रोज सकाळी फुलबाजारात नेत. मामा तेवढे यंत्रांच्या नादाला लागलेले. पण हौस मळ्यातलीच होती. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन (त्यानं काही लिहिताना मी त्यांना कधी पाहिलं नाही), आणि मिशा अशा जपलेल्या की तोंडाला मास्क लावायचं नाव नाही. "मिशा दबतात," हे कारण ते कुणालाही न लाजता सांगायचे. सगळ्यांना मरणाची भीती घालणारा हा माणूस स्वतः रेझिनच्या वाफेवर गुळाचा खडा हा उतारा मानायचा. शनिवारी नखं कापायचा नाही. मोटरसायकल घ्यायच्या आधी त्यांनी मुहूर्त काढून घेतला होता आणि मांजर आडवं गेलं की ते फाटकापाशी गाडी थांबवून दुसरं कुणीतरी आधी जायची वाट बघायचे. बहुतेक वेळा तो दुसरा मी असायचो.

"मग मरणाचं नाव सकाळी सकाळी घेताना तुम्हाला काही वाटत नाही?" मी एकदा विचारलं.

"वाटतं की," मामा म्हणाले. "लय वाटतं. म्हणून तर मोठ्यानं घेतो."

हे उत्तर मला तेव्हा पोकळ वाटलं. खरं उत्तर त्यांनी पुष्कळ दिवसांनी दिलं, डबा खाताना, माझ्याकडे न बघता. तरुणपणी ते कोकण किनाऱ्यावर मोठ्या जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत कामाला होते. तिथला साहेब रोज सकाळी विचारायचा, "सगळं ठीक ना?" आणि सगळे म्हणायचे, "हो साहेब." मामांचा जोडीदार सदाशिव असाच एका सकाळी "हो साहेब" म्हणून जहाजाच्या बंद टाकीत उतरला. आतली हवा खराब झाली होती. मागून त्याला काढायला उतरलेलाही वर आला नाही.

"'सगळं ठीक ना' इचारलं का माणूस 'हो' म्हणतो, काका," मामा म्हणाले. "तोंडाला सवय हाय तशी. डोकं चालवायची गरजच नाय. पण 'कोण मरणार' इचारलं तर 'हो' म्हणून भागत नाय. इचार करावा लागतो."

एवढं बोलून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मला मिरचीचा ठेचा पुढे केला. त्या दिवसापासून मी त्यांचा प्रश्न दारात उभा राहून ऐकायचं सोडलं आणि बाकीच्यांत जाऊन उभा राहू लागलो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की स्टोअरमध्ये दोन रसायनांच्या बाटल्या एकाच फळीवर आहेत आणि त्या थेट एकमेकींत सांडल्या तर भडका उडेल. "मग अजून इथं काय करता?" मामा म्हणाले. मी जाऊन फळी बदलली.

शेडमधल्या सगळ्यांना हा प्रकार पटत होता असं नाही. आपल्याकडे वाईट बोलणं ही अर्धी वाईट करणीच समजतात. एकाच्या बायकोनं त्याला बजावलं होतं की, तिथे मेलो म्हणून सांगायचं असेल तर कामाला जाऊ नकोस. तो प्रश्न संपेपर्यंत मोरीत जाऊन बसायचा. बोटी घेऊन येणारी गिऱ्हाइकं दचकायची. मालकांना तर लाजच वाटायची. मालक मनानं वाईट नव्हते, पण त्यांना समारंभाची फार आवड. कुठलंही नवं यंत्र आलं की त्याला आधी रिबन लागायची, वीज नंतर. "मामा, तेच जरा चांगल्या शब्दांत विचारता येणार नाही का?" ते म्हणायचे. "चांगल्या शब्दांत मेलं तर चालंल का?" मामा विचारायचे.

प्रश्नाचा खरा चाहता एकटा हिरामण होता. हरसूलकडचा, डोंगरातल्या एका पाड्यावरून आलेला. फायबरची चटई अंथरून त्यावर रेझिन चढवण्यात त्याचा हात फार सफाईचा. रोज नवं मरण शोधून आणणं हा त्याचा छंद झाला होता. "मामा, आज शिडीवरून. पण शिडीवरून पडून नाय, शिडी डोक्यात पडून." मामा गंभीरपणे विचार करायचे. "शिडी बांध," म्हणायचे. "तू नाय मरत." हिरामण निराश झाल्यासारखं तोंड करायचा आणि सगळे हसायचे. आता लिहिताना जाणवतं की आम्ही हसत असायचो तेव्हाच शेड सगळ्यात सुरक्षित असायची.

त्या वर्षी सिंहस्थाच्या तयारीमुळे बचावबोटींची कामं वाढली होती. पहिली बोट तयार होत आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. मालकांच्या डोक्यात लगेच कल्पना आली. दसऱ्याला यंत्रांची पूजा होतेच, त्याच दिवशी ही बोट पाण्यात घालून पुन्हा वर ओढायची, विंचचं बटण एका बड्या पाहुण्यांच्या हस्ते दाबायचं, फोटो, पेढे, भाषण. आदल्या दिवशी ते चौथऱ्यापाशी आले. मी तिथेच रोपाला ग्रीस काढून देत होतो.

"मामा, उद्या तेवढं तुमचं ते... नको."

"ते म्हणजे?"

"तेच हो. सण आहे. पाहुणे सहकुटुंब येणार आहेत. त्यांच्यासमोर कोण मरणार, कोण मरणार... बरं दिसत नाही. एक दिवस शुभ बोलू."

"मग काय इचारू? आज कोण अमर होणार?"

मालक हसले नाहीत. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या तुम्ही विंचवर नाही उभं राहायचं. फेटा बांधून माझ्या शेजारी, स्टेजवर. नारळ तुमच्या हातानं. या शेडचे तुम्हीच तर वडीलधारे."

मामांचा उलटा हात मिशांवरून फिरला. तो जरा जास्तच वेळ फिरला.

"फेटा कुठला?"

"भगवा."

"गुलाबी बरा दिसतो मला," मामा म्हणाले.

एवढ्यावर सौदा झाला. माणसाला गप्प करायला फार काही लागत नाही, हे मी पुस्तकांतून वाचलं होतं. इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

फुलं अर्थात मामांच्या मळ्यातली. दसऱ्याच्या सकाळी टेम्पोभर झेंडू आला. मामांनी घरी बसून भावजयांकडून हार ओवून घेतले होते, आणि फोटोत हार अर्ध्यात तुटून लोंबू नयेत म्हणून सुती दोऱ्याऐवजी नायलॉनच्या बारीक दोरीत. शेड सजली. बोटीला हार, मोटरला हार, ड्रमवर कुंकवाची बोटं. ड्रमपुढे एक लोखंडी जाळी असायची, हात आत जाऊ नये म्हणून. ती पूजेसाठी काढून भिंतीला टेकवली होती. देवाला जाळीतून नमस्कार कसा करायचा? मालकांच्या कुणा नातेवाइकाला रोप फार रखरखीत वाटला, तेव्हा चौथऱ्यापासून उतारापर्यंत रोपालाही झेंडूचे हार गुंडाळले. खरंच सुंदर दिसत होतं. काळा रोप पिवळ्या-केशरी फुलांत पाण्यापर्यंत उतरत गेलेला, जणू धरणालाच कुणी हार घातला होता.

सकाळी माणसं सवयीनं चौथऱ्यासमोर गोळा झाली. मामा स्टेजवर होते, गुलाबी फेट्यात, नव्या नवरदेवासारखे. कुणी काही विचारलं नाही. माणसं थोडा वेळ उभी राहिली, एकमेकांकडे बघितलं, आणि पांगली. मोरीत जाऊन बसणारा त्या दिवशी बाहेरच होता. तो मला म्हणाला, "आज कसं मोकळं वाटतंय." मला वाटत नव्हतं, पण सणाच्या दिवशी तसं म्हणायची पद्धत नाही.

भाषण झालं. नारळ फुटला. पाहुण्यांना चौथऱ्यावर नेलं आणि बटण दाखवलं. ते दाबून धरलं की विंच चालायची, सोडलं की थांबायची. पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या. ड्रम फिरू लागला, रोप ताणला, दूर पाण्यात बोट हलली.

"साहेब, असंच," फोटोग्राफर ओरडला. "इकडे बघा. दाबून ठेवा, असंच दाबून ठेवा."

पाहुणे कॅमेऱ्याकडे बघून हसले आणि त्यांनी बटण दाबून ठेवलं.

रोपाबरोबर हार ड्रममध्ये जायला लागले. फुलं चिरडून ड्रमवरून पिवळं पाणी निथळू लागलं. हिरामण ड्रमच्या जवळ उभा होता. पूजेची फुलं अशी चिरडली जाताना त्याला बघवेना. पायाखाली आलेलं फूलही उचलून कडेला ठेवणारा माणूस तो. त्यानं वाकून हार बाहेर ओढायला हात घातला. नायलॉनचा फास मनगटाला बसला. सुती दोरा असता तर तुटला असता.

हिरामण ओरडला की नाही, हे मला आठवत नाही. ढोल वाजत होता. मला एवढंच आठवतं की स्टेजवरून एक गुलाबी फेटा खाली पडला आणि मामा खुर्च्यांवरून धावत सुटले. त्यांच्या वयाच्या माणसाला मी तसं धावताना पुन्हा पाहिलं नाही. त्यांनी पाहुण्यांना चौथऱ्यावरून अक्षरशः ढकललं आणि ब्रेकचा दांडा ओढला. ड्रम थांबला. तोवर उशीर झाला होता.

हिरामण वाचला. उजवा हात मनगटापासून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी मामांबरोबर होतो. हिरामणचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो शुद्धीवर होता. मामा खाटेपाशी उभे राहिले. हिरामणच बोलला, आणि त्यात टोमणा नव्हता, राग नव्हता, एखादी राहून गेलेली गोष्ट आठवावी तसं तो म्हणाला,

"मामा, काल इचारलंच नाय तुम्ही."

मामा बाहेर आले. व्हरांड्यात बाकावर बसले. मग म्हणाले, "सुती दोऱ्यात ओवायला पायजे होते."

मालकांनी दवाखान्याचा सगळा खर्च केला, हिरामणला फाटकावर पहारेकरी म्हणून कायम ठेवलं, ड्रमची जाळी वेल्डिंग करून पक्की बसवली. हे सगळं त्यांनी मनापासून केलं. घडलं त्याला ते "दैव" म्हणायचे. पाहुण्यांनी पाठवलेल्या सांत्वनाच्या पत्रात "विधिलिखित" होतं. मला दोन्ही शब्द फार सोयीचे वाटतात. त्यात फास नायलॉनचा होता की सुती, याला जागाच नसते.

पण शेडमध्ये खरा बदल झाला तो वेगळाच. पुन्हा काम सुरू झालं त्या सकाळी सगळे चौथऱ्यासमोर उभे राहिले. मामा चढले. मिशांवरून हात फिरला नाही. त्यांनी आमच्या डोक्यांवरून कुठेतरी पाण्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "सगळं ठीक ना?"

"हो मामा," सगळे म्हणाले.

सदाशिवची गोष्ट तिथे फक्त मला ठाऊक होती.

त्यानंतर रोज तेच. सगळं ठीक ना? हो मामा. किती सोपं झालं होतं! मोरीत बसणारा आता पहिल्या रांगेत उभा असायचा. मालक समाधानानं म्हणाले, "मामा आता माणसात आले." आणि शेड हळूहळू बिघडत गेली. कुणी काही मुद्दाम केलं नाही. पंखे बोटीच्या तोंडापासून सरकत सरकत भिंतीशी गेले. चष्मे खिळ्यावर धूळ खात राहिले. एके दुपारी साखळीवर टांगलेलं इंजिन एकदम हातभर खाली घसरलं, आणि त्याखाली बसलेला माणूस नेमका विडी आणायला उठला होता. एकदा हार्डनर मिसळून उरलेलं रेझिन डब्यातच तापून धूर ओकायला लागलं. सगळे म्हणाले, वाचलो. वाचलो म्हणताना लोक हसत होते, पण ते पूर्वीचं हसणं नव्हतं. मला रोज सकाळी स्टोअरचं कुलूप काढताना वाटायचं, आज. त्या "आज"च्या पुढे काय, ते विचारणारं कुणी उरलं नव्हतं. रोप मात्र गुणगुणायचा.

मी एकदा धीर करून मामांना म्हणालो, "पुन्हा विचारायला लागा."

"कुठल्या तोंडानं?" ते म्हणाले. "फेट्यासाठी इकलं मी ते."

"हिरामणला विचारा, विकलं का ते."

त्यांनी फाटकाकडे बघितलं. हिरामण डाव्या हातानं अडसर वर करत होता, रिकामी बाही खिशात खोचलेली. मामा उठून विंचकडे निघून गेले.

मग मार्चमध्ये सुरक्षा सप्ताह आला. मालकांचा उत्साह उसळला. नवी, जास्त ताकदीची विंच आणली होती, तिचंही उद्घाटन उरकायचं होतं. कापडी फलक लागला: "सुरक्षा हाच आमचा धर्म". दसऱ्याचेच पाहुणे पुन्हा यायला तयार झाले, याचं मला आश्चर्य वाटलं. मालकांना वाटलं नाही. मोठ्या माणसांचं मन मोठं असतं, असं ते म्हणाले.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घेतली. एकानं वाचायची आणि बाकीच्यांनी मागून म्हणायची, त्यामुळे ती कुणालाच ऐकावी लागली नाही. मग सत्कार. प्रत्येक कामगाराला शाल नाही, तर कामाची वस्तू द्यायची अशी मालकांची नवी कल्पना होती: चामड्याच्या हातमोज्यांचा जोड. नावं पुकारली गेली. हिरामणचंही पुकारलं. कुणीच आधी विचार केला नव्हता. पाहुण्यांनी हसतमुखानं जोड पुढे केला आणि मग त्यांची नजर बाहीवर गेली. हिरामणनं डाव्या हातानं एक मोजा काढून घेतला.

"दुसरा तुमच्याकडं राहू द्या साहेब," तो म्हणाला. "बटण दाबताना घाला."

टाळ्या वाजवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे आमच्यातलं कुणीतरी खोकलं.

शेवटी मामा. त्यांनाही फेटा बांधला होता, या वेळीही गुलाबी. नवी विंच तेच चालवणार होते, तेवढं त्यांनी आधीच मालकांकडून कबूल करून घेतलं होतं. बोट उतारावर अर्धी वर येऊन थांबली होती. रोप ताणलेला होता. आता ती पूर्ण वर घ्यायची आणि कार्यक्रम संपवायचा. मालकांनी माइक त्यांच्या हातात दिला. "मामा, दोन शब्द. सुरक्षेबद्दल."

चौथऱ्यावर उभ्या मामांनी माइक धरला. समोर बघितलं. पाहुण्यांच्या खुर्च्या उताराच्या तोंडाशी, कडुनिंबाच्या सावलीत, मागे बोट येईल अशा बेतानं मांडल्या होत्या. फोटो चांगला यावा म्हणून. ताणलेला रोप त्या खुर्च्यांच्या अगदी जवळून, नेमका त्यांच्या रेषेत जात होता.

माइक काखेत धरून मामांनी फेटा काढला. नीट दोन्ही हातांनी उचलून मोटरच्या पेटीवर ठेवला. मिशांवरून उलटा हात फिरवला.

"हं," ते म्हणाले, आणि माइक किंचाळला. "आज कोण मरणार?"

पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी पदर सावरला. आमच्यापैकी कुणी हात वर करेना. इतक्या दिवसांत हात वर करायची सवय गेली होती. मला वाटलं, आता ते "सगळं ठीक ना" म्हणतील आणि सगळे "हो" म्हणतील.

मग फाटकाकडून आवाज आला.

"आज म्या नाय, मामा!" हिरामण ओरडला. "आज पाहुणे!"

"कसे रे?"

"रोपाच्या नेमक्या रेषेत बसल्यात. रोप अडकवलेली ट्रॉलीची कडी तुटली तर रोप उलटा येईल झपकन. पयली रांग साफ."

"मग?"

"खुर्च्या उचला. तिकडं शेडच्या भिंतीला लावा."

"ठरलं," मामा म्हणाले. "पाहुणे नाय मरत. पुढचा!"

मग प्लास्टिकच्या खुर्च्या सिमेंटवरून ओढल्याचा कर्कश आवाज झाला. मोठी माणसं स्वतःची खुर्ची स्वतः उचलून नेताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि मागून एक हात वर आला. "मामा, आज म्या. वर बोट थांबली का ट्रॉलीच्या चाकाला लाकूड लावायचं कुणी ते ठरलंच नाय." मग दुसरा. मग मोरीत बसणारा. त्याचं मरण सगळ्यात लांबलचक होतं, बहुतेक कित्येक महिन्यांचं साठलेलं. मामांनी प्रत्येकाला विचारलं, मग? प्रत्येकानं सांगितलं.

नंतर मामांनी विंच सुरू केली. रोप गुणगुणला. बोट हळूहळू वर आली. कडी तुटली नाही. रोप उलटा आला नाही. काहीच झालं नाही. उताराच्या तोंडाशी, जिथे खुर्च्या होत्या, तिथे कडुनिंबाची सावली नुसती पडून होती.

मामा त्यानंतर वर्षभरानं कामावरून निवृत्त झाले. तोवर एकाही सकाळी त्यांनी प्रश्न चुकवला नाही, सणाच्या दिवशी तर नाहीच. आता ते मळ्यात असतात. दसऱ्याच्या आधी हार ओवायला बसतात, सुती दोऱ्यात. मिशा पांढऱ्या झाल्या आहेत, पण तशाच जपलेल्या. भेटलो की पूर्वीसारखंच आधी स्वतःच्या तब्येतीचं कौतुक करतात. मग माझ्या गुडघ्यांकडे बघून गाडी चालवू नका म्हणून सांगतात.

पण त्यांचं जे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं ते सुरक्षा सप्ताहाच्या त्या दुपारचं आहे. पेढे वाटून झाले होते. बोट उताराच्या वरच्या टोकाला उभी होती. चाकांना लाकडं लावायचं चाललं होतं. सगळा भार अजून रोपावर होता आणि तो ताठ होता. पाहुणे गाडीकडे निघाले. मालक त्यांच्या बरोबर होते.

"कार्यक्रम छान झाला," पाहुणे म्हणाले. "फक्त तेवढं एक वाक्य नको होतं."

आणि वळसा घालायला नको म्हणून त्यांनी धोतराचा सोगा उचलून त्या ताणलेल्या रोपावरून एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा.

मामा चौथऱ्यावर उभे होते. त्यांचा हात ब्रेकच्या दांड्यावर होता, आणि पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर जाऊन हिरामणनं डाव्या हातानं अडसर खाली घेईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.